पेट्रोल पंपावरची दिवादांडी

पेट्रोल पंपाच्या आवारात सव्वाशे फुटी मनोरा कशासाठी? कॅलिफोर्नियाच्या रिचफिल्ड ऑइल कंपनीने १९२९ च्या सुमारास याचं जे उत्तर दिलं, ते मला आजही पटतं.

कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत हायवेच्या कडेने पंपांची साखळी उभारायची, असा बेत होता. खाली पेट्रोल, जेवण आणि मुक्कामाची सोय. शेजारी पोलादी मनोरा, त्यावर कंपनीच्या नावाची मोठाली झगमगती अक्षरं आणि माथ्यावर विमानांसाठी दिवा. बारस्टोच्या वाळवंटातलं 'बीकन टॅव्हर्न' हे हॉटेल याच बेतातलं.

त्या काळी रात्री विमान चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. फेब्रुवारी १९२१ मध्ये जॅक नाइट या टपाल-वैमानिकाने अमेरिकेतल्या नॉर्थ प्लॅटहून शिकागोपर्यंत रातोरात टपाल नेलं, तेव्हा वाट दिसावी म्हणून जमिनीवर शेकोट्या पेटवल्या होत्या. पुढे सरकारने टपालमार्गांवर साधारण दर दहा मैलांना फिरते दिवे बसवले. एरवी वैमानिक रेल्वेचे रूळ आणि रस्ते धरूनच उडत, त्यामुळे हायवेवरचा पंप ही दिव्यासाठी अगदी योग्य जागा होती.

जाहिरात तर ती होतीच, आणि त्यात गैर काही नाही. पण डोक्यावरून जाणारा वैमानिक काही खाली उतरून टाकी भरणार नव्हता. उजेड मात्र त्यालाही मिळत होता. मला मोल वाटतं ते याचं.

मंदीत कंपनी बुडीत निघाली. १९३१ मध्ये कारभार कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे गेला आणि बेत अर्धवटच राहिला. पुढे विमानांना वाट दाखवायला रेडिओ आला, तशी दिव्यांची गरजही कमी झाली. स्टँडर्ड ऑइल या दुसऱ्या तेल कंपनीने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट डायब्लो या डोंगरावर लावलेला दिवा मात्र आजही पर्ल हार्बरच्या स्मरणार्थ दर ७ डिसेंबरला लागतो.

आता आपल्याकडे बघा. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. तेही १२० फुटांचंच. ते कुणाला वाट दाखवत होतं? होर्डिंगला परवानगी देताना मजबुतीचा दाखला तर हवाच. पण त्याच फाइलमध्ये आणखी एक अट असावी: जो काहीच विकत घेणार नाही, त्याला इथे काय मिळेल? रात्रभर उजेड, पिण्याचं पाणी, बायकांना बिनधास्त जाता येईल असं स्वच्छतागृह. यातलं एकही देता येत नसेल, तर परवानगी देऊ नये.