पोलिसाविरुद्ध तक्रार आणि “शासनाची परवानगी”: त्या फॉरवर्डमधलं खरं किती?

“ताईंनो, सावध व्हा” अशा प्रेमळ सुरुवातीचा एक मजकूर सध्या बचत गटांच्या ग्रुपवर फिरतोय. मावशीनं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “खरं आहे का गं?” मजकूर असा: पोलिसानं किंवा सरकारी माणसानं लैंगिक अत्याचार केला तर शासनाच्या परवानगीशिवाय गुन्हा नोंदवता येत नाही, तक्रार त्याच हद्दीतल्या ठाण्यात द्यावी लागते, चोवीस तासांत मेडिकल झालं नाही तर केस संपली, अंगावर झटापटीच्या खुणा नसतील तर संमती धरतात, आणि एवढं करून शिक्षा काय, तर बदली नाहीतर निलंबन. खाली “ज्येष्ठ वकिलांचा सल्ला”. वकिलाचं नाव नाही, एकही कलम नाही.

नाही, मावशी, खरं नाही. कायद्यानं जी जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली आहे, ती या मजकुरानं उचलून बाईच्या डोक्यावर ठेवली आहे.

परवानगीचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो वाचून बाई ठाण्याची पायरीच चढणार नाही. लोकसेवकावर खटला चालवायला शासनाची मंजुरी लागते, हा नियम आहे. पण ती मंजुरी न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेताना, म्हणजे तपासानंतर खटला पुढे नेताना लागते. एफआयआर नोंदवायला आणि तपासाला ती कधीच लागत नव्हती. शिवाय लैंगिक गुन्ह्यांपुरती ती अटही २०१३ साली, दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतर, काढून टाकली गेली. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा हे सांगणारा कायदा) कलम २१८ चं स्पष्टीकरण वाचा: बलात्कार (६४ ते ६६), अधिकारपदाचा गैरवापर करून ठेवलेले संबंध (६८), सामूहिक बलात्कार (७०), विनयभंग (७४), लैंगिक छळ (७५), विवस्त्र करणं (७६), चोरून पाहणं (७७), पाठलाग (७८), या गुन्ह्यांचा आरोप असलेल्या लोकसेवकासाठी मंजुरीची गरज नाही. कंसातले आकडे भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याच्या, कलमांचे. त्याच यादीत कलम १९९ सुद्धा आहे, म्हणजे अशी तक्रार नोंदवून घ्यायला नकार देणारा अधिकारी. त्याला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सक्तमजुरी.

प्रत्यक्षात घोळ होतो तो वेगळ्याच जागी. ठाणे अंमलदार तक्रार घेतो, पण लावतो साधी मारहाण, शिवीगाळ आणि धमकी. ही कलमं त्या यादीत नाहीत, म्हणून पुढे बचाव पक्ष “कर्तव्य बजावताना घडलं, मंजुरी कुठे आहे?” असं म्हणायला मोकळा. त्यामुळे जबाबावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. शरीराच्या कोणत्या भागाला, कसा हात लावला हे शब्द त्यात हवेत. नुसतं “गैरवर्तन केले” एवढ्यावर सही करू नका. बाकीच्या कलमांसाठी मंजुरी मागावी लागलीच, तर शासनाला १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नाही दिला तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं.

अर्धसत्य एवढंच. अफ्स्पा (सैन्यदलांना विशेषाधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या प्रदेशात सैन्यदलांच्या बाबतीत केंद्राच्या मंजुरीची अट अजून आहे. ती लैंगिक गुन्ह्यांपुरती काढावी ही वर्मा समितीची शिफारस मानली गेली नाही. आणि कर्तव्य बजावताना घडलेल्या गोष्टीबद्दल थेट दंडाधिकाऱ्यांकडे गेलात, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(४) खाली तपासाचा आदेश देण्याआधी वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो. म्हणून अर्जातच लिहावं लागतं की हे कृत्य कर्तव्याचा भाग नव्हतं.

“त्याच ठाण्यात” हेही खोटं. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवलेला गुन्हा, कुठल्याही ठाण्यात होते आणि बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. प्रत मोफत. नकार मिळाला तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपा, आणि मग प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जा. कोठडीतल्या बलात्काराचा आरोप असेल तर पोलीस तपासाशिवाय दंडाधिकाऱ्यांची वेगळी चौकशी त्याच संहितेच्या कलम १९६ नुसार होतेच.

चोवीस तासांची मुदत कायद्यात आहे, पण ती पोलिसांवर आहे: खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत त्यांनी बाईला डॉक्टरकडे न्यायचं. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नमुने ९६ तासांपर्यंत घ्यायचे असतात; ७२ तासांनंतर काही सापडण्याची शक्यता बरीच घटते, म्हणून लवकर जावं. खरी घाई औषधांची: एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. त्यासाठी एफआयआरची वाट पाहू नका. थेट रुग्णालयात जाता येतं, आणि सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत द्यावेच लागतात. कपडे धुवू नका, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका; ओल कोंडून बुरशी येते आणि नमुना खराब होतो. वाळवून कागदात गुंडाळा.

खुणा नाहीत म्हणजे संमती, हे वाचून तर संताप येतो. नेमक्या याच तर्कावर देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या १९७२ च्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली दोन पोलिसांना सोडलं होतं. तक्रारदार एक अल्पवयीन आदिवासी मुलगी. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२० सांगतं: न्याय संहितेच्या कलम ६४(२) खालच्या, म्हणजे पोलीस किंवा लोकसेवकानं अधिकाराच्या जागी केलेल्या बलात्कारासारख्या, खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईनं न्यायालयात “माझी संमती नव्हती” असं सांगितलं, की संमती नव्हती असंच न्यायालयानं गृहीत धरायचं. उलट सिद्ध करणं आरोपीचं काम. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही, हे तर बलात्काराच्या व्याख्येतच लिहिलंय. चाळीस वर्षांपूर्वी मोडीत काढलेला तर्क “सल्ला” म्हणून वाटायचा, याला काय म्हणावं!

बदली-निलंबन ही खात्याची कारवाई, शिक्षा नव्हे. नेमणुकीच्या ठाण्याच्या हद्दीत पोलिसानं बलात्कार केला तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी, कमाल मरेपर्यंत जन्मठेप; बाई कोठडीत असायलाच हवी असंही नाही. ताब्यातल्या बाईला पदाच्या जोरावर “राजी” केलं, तरी कलम ६८ खाली पाच ते दहा वर्षं.

तक्रारदार अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल आणि आरोपी नसेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(डब्ल्यू) किंवा ३(२)(पाच) लागतं, आणि तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. हे कलम गाळलं जातं, बहुतेकदा जबाबात जातीचा उल्लेखच नसतो म्हणून. एफआयआरची प्रत हातात आली की आधी ते शोधा. नसेल तर जातीच्या दाखल्याची प्रत जोडून ते वाढवण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.