बुवावर शॉर्टफिल्म काढायचीय? थांबा जरा

तुम्हालाही हौस आली असेल तर सांगतो, कारण माझी गेल्या आठवड्यात पुरती फिटली. नऊ मिनिटांची फिल्म, मोबाइलवर शूट केलेली, बेळगावच्या शहापुरात, आमच्याच गल्लीत. एक बुवा असतो, अंगारा लावून थायरॉइड घालवणारा, आणि एक पोर्टलवाला असतो, जो सकाळपासून बुवाच्या दारात उभा राहून लाइव्ह करतोय की बुवांनी आज चहा घेतला नाही, यामागं काय संकेत! बस्स, एवढंच.

तर पहिलं म्हणजे बुवा दाखवू नका. भारुडात चालतो, तिथं लोक खदाखदा हसतात आणि वर पाया पडून घरी जातात, मोबाइलवर दिसला की लगेच धर्म बुडतो.

दाढी तर लावूच नका. कुणाची ना कुणाची निघते.

धार्मिक भावना दुखावल्याचं कलम पाठ करा. आधी दंड संहितेचं १९२७ सालचं २९५अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २९९, कैद तीन वर्षांपर्यंत. त्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं' अशी अट आहे, पण ती पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून कुणाला वाचून दाखवू नका. मी दाखवली, आणखी दोन तास बसवलं.

पत्रकार मात्र जरूर दाखवा. त्यांना विनोद इतका कळतो की तुमच्या दारात येऊन तोच सीन परत करून दाखवतात. माझ्याकडं आलेल्यानं अठरा सेकंदांची क्लिप बघितलेली, ती पण आवाज बंद करून, आणि भाजीवाल्या मावशींपुढं माईक धरून विचारतोय, "भावना दुखावल्या काय?" मावशी म्हणाल्या, "कसली भावना, मेथी घेतोस काय सांग." तरी संध्याकाळी पट्टी, 'गल्लीत संतापाची लाट'. अरे कुठली लाट, गटार तुंबून तीन महिने झाले ते दिसत नाही होय तुला? आणि मराठी पोर्टल, कन्नड पोर्टल, दोघांचं हेडिंग सेम टू सेम! सीमावादाच्या महाजन आयोगाला जमलं नाही ते माझ्या फिल्मनं करून दाखवलं. तक्रार करायची म्हटलं तर प्रेस कौन्सिल छापील पेपरांपुरती, तिथंही समज देण्यापलीकडं काही नाही.

शेवटचं, फिल्म कुणाला दाखवू नका. दाखवून तरी कोण बघतंय! निवेदन घेऊन आलेल्या चौदा जणांत पूर्ण बघितलेला एकच निघाला. नऊ मिनिटं हो! दुसऱ्या रेल्वे गेटला त्याहून जास्त वेळ गाडीवर बसून राहता, तिथं नाही दुखावत ते तुमचं काय ते? देवाचं नाव तरी आहे काय फिल्ममध्ये? बुवाला हसलो तर देव कसा रागावला, हे कुणी ठरवलं, तुम्ही?

आणि तो एक बघितलेला म्हणजे काका तुम्ही. मंडळाच्या हॉलमध्ये पहिल्या खुर्चीवर बसून, अंगाऱ्याच्या सीनला मांडीवर थाप मारून हसलात, "परत लाव की रे" म्हणालात. दुसऱ्या दिवशी माईकपुढं 'आमच्या श्रद्धेचा अपमान' म्हणताना लाज नाही वाटली?