‘सर्वांना सारखं’ म्हणजे नेमकं कुणाला?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत एक मजकूर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे अनेक दात्यांच्या देणग्या एकत्र ठेवून त्या भागातल्या संस्थांना अनुदानं देणारी संस्था, ही साऱ्या शहराची तिजोरी. तिनं वंशसमतेच्या नावाखाली पैसे वाटणं हा उलटा वंशभेद, दात्यांचा विश्वासघात आणि वर बेकायदा. ‘आम्हीही कष्टानंच वर आलो, आम्हाला कुणी अनुदान दिलं?’

शेवटचं आधी घेतो, कारण ते आपल्याबद्दल आहे. १९४६ च्या कायद्यानं भारतीयांना अमेरिकेत स्थलांतरासाठी वर्षाला जेमतेम १०० जागा होत्या. दार खऱ्या अर्थानं उघडलं ते १९६५ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीनं देश हलवला तेव्हा. त्या चळवळीत कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाल्ल्या, आणि आपण पदव्या घेऊन त्याच दारातून आत आलो. घर विकताना वंशभेद करायला १९६८ मध्ये बंदी आली, तोवर सरकारी हमीची गृहकर्जं गोऱ्यांच्या उपनगरांकडे गेली होती. १९३० च्या दशकातल्या सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगानं ‘धोकादायक’ म्हणून रंगवलेल्या होत्या. अमेरिकी मध्यमवर्गाची पुंजी घरातून उभी राहिली, आणि कृष्णवर्णीयांना घरच घेऊ दिलं नाही. २०२२ मध्ये गोऱ्यांतल्या बरोबर मधल्या (मीडियन) कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. हा फरक आळसातून आलेला नाही.

दात्यांचा विश्वासघात? जगातलं पहिलं कम्युनिटी फाउंडेशन १९१४ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकवाल्यानं काढलं, तेच मुळी मेलेल्या दात्याच्या अटींत पैसा अडकून पडू नये म्हणून. काळ बदलला तर हेतू बदलायचा अधिकार विश्वस्तांना असावा, ही त्याची मूळ कल्पना.

‘बेकायदा’ या शब्दात मात्र तथ्य आहे. फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ठेवलेली एक अनुदान स्पर्धा जून २०२४ मध्ये अपील न्यायालयानं रोखली. मला तो निकाल खटकतो, पण तो आहे. तरीही त्यानं सगळे रस्ते बंद होत नाहीत. गॉफच्याच क्लीव्हलँड फाउंडेशननं इतर संस्थांच्या साथीनं एव्हरग्रीन सहकारी संस्था उभ्या केल्या. २००९ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या लाँड्रीत आजूबाजूच्या गरीब वस्त्यांतले कामगारच मालक होतात. मोठी रुग्णालयं वर्षानुवर्षं धुलाईवर खर्च करतच होती, तो पैसा आता शेजारी मुरतो. २०१८ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिक या बड्या रुग्णालयाच्या धुलाईचं कामही त्यांच्याकडे आलं. सहकाराच्या मातीतून आलेल्या आपल्याला यातली ताकद वेगळी सांगायला नको. यासाठी वंशाची अट घालावी लागली नाही. २०२३ मध्ये फाउंडेशननं आपलं कार्यालयही शहराच्या मध्यभागातून हलवून हफ या कृष्णवर्णीय वस्तीच्या कडेला नेलं. १९६६ च्या दंगलीनंतर ज्या वस्तीकडे भांडवलानं पाठ फिरवली, तीच ही.

राहिली ‘सर्वांची तिजोरी’. अनुदान मिळतं ते ज्याच्याकडे अर्ज लिहिणारा पगारी माणूस आहे त्याला. वस्तीतल्या चर्चच्या तळघरात शिकवणी चालवणाऱ्या बाईकडे तो नसतो. नियम सर्वांना सारखा ठेवला की पैसा जुन्या वाटेनंच जातो.

माझी तक्रार उलटी आहे. खासगी फाउंडेशनांना दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के रक्कम वाटावीच लागते. कम्युनिटी फाउंडेशनांमधल्या दात्यांच्या सल्ल्यानं चालणाऱ्या खात्यांना (दाता पैसे भरतानाच करसवलत घेतो, ते कुणाला द्यायचे हे नंतर सुचवतो) ते बंधन नाही, त्यामुळे करसवलत घेतलेला पैसा वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. आपल्यातल्या कितीतरी जणांची अशी खाती आहेत. त्यातला किती पैसा या वस्त्यांपर्यंत पोचला, हे प्रत्येकानं आपापल्या फाउंडेशनला विचारावं.