वीस टक्के वापर आणि तरीही ‘टक्’ : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

रेकॉर्डिंगसाठी संगणकाचा प्रोसेसर कसा लावावा, या माझ्या लेखावर आपण खारघरहून लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : विंडोजमधला टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर जेमतेम २० टक्के दाखवतो, तेव्हा त्याला सतत पूर्ण वेगाने पळवण्याचा माझा सल्ला लॅपटॉप तापवण्यापलीकडे काही साधत नाही, तो पाळूनही दर मिनिटा-दीड मिनिटाने येणारा ‘टक्’ आवाज गेला नाही, आणि बफर (ध्वनीचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, एका खेपेत हाताळायचे तो आकडा) १०२४ केला की सगळा प्रश्नच मिटतो. तापण्याविषयी आपण बरोबर आहात. वीस टक्क्यांविषयी मात्र नाही, आणि माझा मूळ लेख तिथेच अपुरा पडला होता, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

टास्क मॅनेजरमधला आकडा साधारण एका सेकंदाची आणि सगळ्या कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनकेंद्रांची) मिळून काढलेली सरासरी असतो. आठ धाग्यांच्या (थ्रेडच्या), म्हणजे एका वेळी आठ कामे हाताळणाऱ्या, प्रोसेसरवर एक धागा पूर्ण भरला, तरी तिथे साडेबारा टक्केच दिसतात. ध्वनीचा हिशेब वेगळा आहे. ४८,००० सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले ध्वनीचे नमुने) आणि १२८ चा बफर असेल, तर संगणकाला सेकंदाला ३७५ वेळा, म्हणजे दर २.६७ मिलिसेकंदांनी, तयार माल ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या) हाती द्यावा लागतो. त्यांतल्या ३७४ वेळा तो वेळेवर पोचला आणि एकदाच चुकला, तरी कानाला ती एक चूक ऐकू येते; सरासरीला तिचा पत्ताही लागत नाही. प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी वेग उतरवतो किंवा सी-स्टेटमध्ये (प्रोसेसरच्या विश्रांतीच्या अवस्थेत) जाऊन डुलकी घेतो, तेव्हा खोल झोपेतून जागे व्हायला त्याला काही वेळा मिलिसेकंदाच्या जवळपास वेळ लागतो. पत्रव्यवहारासाठी हा वेळ नगण्य आहे, २.६७ मिलिसेकंदांच्या मुदतीत तो फार मोठा आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मिनिमम प्रोसेसर स्टेट (प्रोसेसरचा किमान वेग) १०० टक्के ठेवण्यामागे आणि बायॉसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) खोल सी-स्टेट बंद करण्यामागे ताकद वाढवण्याचा हेतू नसतो. ताकद आहे ती वेळेवर हजर राहावी, एवढाच असतो.

आता तापण्याविषयी. मूळ लेख मी टेबलाखाली ठेवलेल्या, मोठा पंखा असलेल्या डेस्कटॉपवरून लिहिला आणि तोच सल्ला लॅपटॉपवाल्यांच्याही गळ्यात घातला, ही माझी चूक झाली. तिचे फळ मलाही मिळाले. गेल्या मे महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या खोलीत संवादिनीचे ध्वनिमुद्रण चालू होते. माइकमध्ये घरघर येऊ नये म्हणून एसी आणि छताचा पंखा दोन्ही बंद, आणि लॅपटॉपच्या पंख्याचाही आवाज नको म्हणून तो मी शहाणपणाने गादीवर ठेवलेला. पहिली वीस मिनिटे सुरळीत गेली आणि मग ऐन भैरवीत चरचर सुरू झाली. पाहतो तर तापमान शंभर अंशांना टेकलेले आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरने वेग निम्म्याच्या खाली आणलेला. म्हणून लॅपटॉपसाठी दुरुस्ती अशी : मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के करावी. बहुतेक प्रोसेसरमध्ये त्याने टर्बो (गरजेपुरता वाढवलेला जादा वेग) बंद होतो, वरचा वेग थोडा जातो, पण उरलेला वेग तासभर स्थिर राहतो. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नये, हे आता सांगायला नकोच.

बफर १०२४ हा मिक्सिंगसाठी उत्तम उपाय आहे. तिथे माझा काहीच वाद नाही. पण वाजवणारा स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून फिरून हेडफोनमध्ये ऐकत असेल, तर येण्याचे २१ आणि जाण्याचे २१ असे किमान ४२ मिलिसेकंद उशिराने तो ऐकतो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेत चार बोल असले, तर दोन बोलांमधले अंतर सुमारे ६२ मिलिसेकंद असते. तबलजीला त्यातला दोन-तृतीयांश उशीर सोसायला सांगून पाहा. तो हेडफोन काढूनच ठेवेल.

राहिला आपला ‘टक्’. तो काम जड असो वा हलके, ठरावीक अंतराने येतो, असे आपणच लिहिले आहे. प्रोसेसर कमी पडत असता, तर गाण्यात प्लगइन (ध्वनीवर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) वाढतील तसा तो वाढला असता. अशी नियमितता बहुधा एखाद्या ड्रायव्हरची (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) असते, आणि माझा पहिला संशय वाय-फायवर आहे, कारण आसपासची नेटवर्क शोधण्याचे काम तो अधूनमधून पार्श्वभूमीवर करत असतो. तेव्हा प्रोसेसरच्या सेटिंगला आणखी हात लावण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय कार्ड डिसेबल करावे आणि लेटन्सीमॉन (असे अडथळे मोजणारे सॉफ्टवेअर) दहा मिनिटे चालू ठेवून कोणता ड्रायव्हर सर्वांत जास्त वेळ अडवून धरतो ते पाहावे. टक् थांबला नाही, तर बॅटरीच्या ड्रायव्हरवर आणि यूएसबीच्या वीजबचतीवर हाच प्रयोग करावा, पण एका वेळी एकच गोष्ट बदलून. पहिल्या चाचणीत ज्या ड्रायव्हरचे नाव वर आले, ते आणि आपला बफरचा आकडा कळवावा; पुढचे मग त्यावरून ठरवू.