मेलेल्या पेशी धावत नाहीत, मावशी

काल रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "ती तपासणी मी नाही करून घेणार बाई. रक्त काढून त्यात किरणोत्सर्गी औषध घालतात नि परत टोचतात म्हणे." तिचा गुडघा बदलून दोन वर्षं झाली, आता तो सुजतो, ठणकतो. आत जंतुसंसर्ग आहे की सांधा नुसताच सैल झालाय, हे कळावं म्हणून डॉक्टरांनी डब्ल्यूबीसी स्कॅन, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा स्कॅन, सांगितला होता. सोसायटीच्या ग्रुपवरचं चार ओळींचं फॉरवर्ड वाचून हिने वेळ रद्द केली!

त्यातली पहिलीच ओळ: "पांढऱ्या पेशी मारून परत सोडतात, प्रतिकारशक्ती कायमची जाते." अहो, पेशी मेल्या तर स्कॅनच व्हायचा नाही. साधारण 50 मिलिलिटर रक्त घेतात, म्हणजे अंगातल्या पाचेक लिटरमधला शंभरावा भाग. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांना टेक्नेशियम किंवा इंडियम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडतात आणि शिरेतून परत देतात. मग त्या आपलं रोजचंच काम करतात: जिथे जंतू, तिथे धाव. कॅमेरा फक्त त्या कुठे गोळा झाल्या ते बघतो. हाताळताना बिघडलेल्या पेशी फुप्फुसात, यकृतात अडकून बसतात. गुडघा त्यांना कुठला दिसायला! म्हणून तर युरोपियन न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सर्गी औषधं वापरून तपासणी-उपचार करणारी शाखा) संघटनेच्या 2010 च्या मार्गदर्शिकेत ट्रिपॅन ब्लू या रंगाची चाचणी आहे. मेलेली पेशी निळी पडते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही.

"महिनाभर अंगातून किरणं निघतात." टेक्नेशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 6 तास; दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्सा उरतो. इंडियमचं 2.8 दिवस, ते जरा रेंगाळतं. पण महिन्याने त्याचाही हजारावा भाग उरत नाही.

"एमआरआयमध्ये सगळं दिसतं." धातूच्या सांध्याभोवती ते चित्र बरेचदा फिसकटतं. पुढे.

"दुसऱ्याचं रक्त चढतं." इथे मात्र मला थोडं नमतं घ्यावं लागतं. न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत अशा अदलाबदलीतून रुग्णांचा एचआयव्हीशी संपर्क आल्याच्या घटना अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने 1992 मध्ये छापल्या आहेत. म्हणूनच प्रत्येक टप्प्याला नाव-नंबर ताडून बघायचा नियम आहे. सुई टोचण्याआधी नाव विचारलं नाही, तर मावशी, तू खुशाल भांड.

तिने आज पुन्हा गुरुवारची वेळ घेतली. फॉरवर्ड पाठवणाऱ्या शेजारणीबद्दल विचारलं, तर म्हणाली, "तिला बरंच कळतं हो."