थंडीने हरवलं म्हणे!

२२ जून आला की आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. १९४१ साली याच दिवशी हिटलरनं सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि मग आमचा अर्धा ग्रुप जनरल होतो. कीव्हकडे वळलाच नसता तर मॉस्को पडलंच असतं, महिनाभर आधी निघाला असता तर, बर्फ उशिरा पडला असता तर... मग कोणीतरी नेपोलियनला मधे आणतो आणि "हिटलर माणूस ग्रेटच होता रे, एक चूक नडली" यावर मंडळी झोपायला जातात. मी बर्लिनमध्ये राहतो म्हणून मला टॅग करतात. मेसेजमध्ये मावत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी ती थंडी, जिनं म्हणे हिटलरला हरवलं. नोव्हेंबर संपेपर्यंत, म्हणजे मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू व्हायच्या आधीच, जर्मनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून सात लाखांवर सैनिक गेले होते. त्यातले बरेचसे तर भर उन्हाळ्यात गेले, मॉस्कोच्या वाटेवरच्या एकट्या स्मोलेन्स्कच्या आसपास जुलै-ऑगस्ट खर्ची पडले. तीसेक लाख जर्मन सैनिक निघाले ते काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत काम आटपणार या हिशोबाने, आणि सोबत काय, तर सहा लाखांवर घोडे! रणगाड्यांचे फोटो आपण बघतो, पण मागून येणारा दारूगोळा बराचसा घोडागाडीतून यायचा. रशियाचे रूळ जर्मनीपेक्षा रुंद, त्यामुळे ताब्यात आलेली लाइन मैलोगणती बदलून घ्यावी लागायची, ऑक्टोबरात चिखल, आणि ज्या थोड्या गाड्या पुढे पोचत त्यात दारूगोळा न्यायचा, पेट्रोल न्यायचं की गरम कोट, हा प्रश्न. कोट मागे राहिले. शिवाय थंडी समोरच्यालाही वाजत होतीच की!

मग हे थंडीचं लफडं एवढं पसरलं कसं? तर हरलेल्या जनरलांनीच पसरवलं. फ्रान्झ हाल्डर, १९४२ पर्यंत जर्मन लष्कराचा चीफ ऑफ स्टाफ, या स्वारीचा प्लॅन याच्याच टेबलावर झाला. युद्धानंतर अमेरिकन लष्कराला पुढे रशियाशी लढायचा अनुभव हवा होता, म्हणून त्यांनी या माजी जनरलांनाच इतिहास लिहायला बसवलं आणि हाल्डर त्या टीमचा म्होरक्या. १९६१ ला त्याला अमेरिकेनं सन्मानपदकही दिलं. सगळ्या चुका मेलेल्या हिटलरच्या, उरलेल्या हवामानाच्या, आणि आम्ही बिचारे साधे शिपाईगडी, अशी ती लाइन. तीच आपण इकडे फॉरवर्ड करत बसलोय, आणि ते बघून मला खरंच राग येतो.

कारण या लाइनीत सगळ्यात मोठी गोष्ट गायब होते. ही स्वारी जमीन रिकामी करायला होती. हल्ल्याच्या आधीच, मे १९४१ मध्ये, हर्बर्ट बाकेच्या अन्न खात्यात ठरलं होतं की सैन्यानं तिथलंच धान्य खायचं, युक्रेनचा गहू जर्मनीला आणायचा आणि त्यामुळे तिथली कोट्यवधी माणसं उपाशी मरतील, तर मरू देत. हे कागदावर आहे. पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिकांपैकी ३३ लाखांच्या आसपास कैदेत मेले, त्यातले कित्येक तर पहिल्याच हिवाळ्यात तारेच्या कुंपणाआड उघड्यावर. लेनिनग्राडला ८७२ दिवस वेढा घालून उपाशी मारलं. कीव्हजवळ बाबी यारच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या, हा आकडा मारणाऱ्यांनीच आपल्या रिपोर्टात लिहिलाय. आता कीव्हकडे वळणं बरोबर होतं का चूक, ही चर्चा तुम्ही क्रिकेटमध्ये टॉस जिंकून बॅटिंग का घेतली तशी करता तेव्हा मला काय उत्तर द्यावं सुचत नाही.

इथे जर्मनीत तरी सगळं आलबेल होतं असं समजू नका. कितीतरी वर्षं "गुन्हे एसएसनी (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलानं) केले, आर्मी स्वच्छ होती" हेच घरोघरी चाललं. १९८५ ला राष्ट्राध्यक्ष वाइत्सेकर म्हणाले की ८ मे, म्हणजे शरणागतीचा दिवस, हा आमचाही मुक्तीचा दिवस, तर त्यावरही नाकं मुरडली गेली. १९९५ पासून लष्कराच्या गुन्ह्यांचं फोटो-प्रदर्शन गावोगाव फिरलं, लोक भडकले, मोर्चे निघाले, काही फोटोंखालच्या ओळी चुकल्या होत्या म्हणून ते मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा लावलं, पण मुख्य मुद्दा तसाच उभा राहिला. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं आजोबांची लष्करी नोंद सरकारी अभिलेखागारातून मागवली. घरी फक्त "आजोबा रशियात होते" एवढंच माहीत, उत्तर आलं त्यात बेलारूसमधल्या विटेब्स्कजवळची तुकडी निघाली. बेलारूसमध्ये या युद्धात दर चार माणसांमागे साधारण एक मेला, शेकडो गावं माणसांसकट जाळली. आजोबांनी नेमकं काय केलं ते कागदात नाही, पण त्याच्या आईनं विषय बंद केला आणि तो अजून सोडत नाहीये. ही भांडणं त्यांच्या घरात चालतात, आपल्याकडे हिटलरचं पुस्तक फूटपाथवर मॅनेजमेंटच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. इथे २०१६ ला ते परत छापलं तेव्हा साडेतीन हजारांवर टिपा घालून, दोन जाडजूड खंडांत!

ग्रुपवरचे लाल, म्हणजे कम्युनिस्ट, मित्र खूश होऊ नका, तुमचंही आहे. ऑगस्ट १९३९ ला स्टालिननं याच हिटलरशी करार करून पोलंड वाटून घेतला, हल्ल्याच्या रात्रीसुद्धा सोव्हिएत धान्याची मालगाडी सीमा ओलांडून जर्मनीत चालली होती. तरी एक मान्य, आपल्याकडे त्या काळात लोकांना हे युद्ध लांबचं वाटत नव्हतं. स्टालिनग्राडवर अण्णाभाऊ साठेंनी पोवाडा रचला, मुंबईचे गिरणी कामगार तो ऐकायचे. आणि सुभाषबाबू त्या वेळी बर्लिनमध्येच, जर्मनीची मदत मागायला आलेले, तरी त्यांनी १९४१ च्या ऑगस्टमध्ये परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपला कळवलं की पूर्वेकडे सरकणारं तुमचं सैन्य भारतीयांना मित्र नाही, शत्रू वाटेल. नेताजींच्या नावानं हिटलरला हार घालणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आता राहिला सोव्हिएत युनियनला सरसकट "रशिया" म्हणायचा प्रश्न. बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्टमध्ये ज्या घरात जर्मन फील्ड मार्शल कायटेलनं ८ मे १९४५ च्या मध्यरात्रीनंतर शरणागतीवर सही केली तिथलं म्युझियम २०२२ पर्यंत जर्मन-रशियन म्हणून मिरवायचं, रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर त्यांनी नावातून ते शब्द काढले. ऑफिसात काहींना ते नाटक वाटलं, मला योग्य वाटलं, कारण त्या युद्धात मेलेले सोव्हिएत युनियनचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक सगळे रशियन नव्हते, बेलारूस आणि युक्रेन तर अख्खेच्या अख्खे जर्मनांच्या ताब्यात गेले होते. ग्रुपवर याला पॉलिटिक्स म्हणतील, म्हणोत. "रशियानं एवढी माणसं गमावली" असं पुढच्या जूनमध्ये कोणी टाकलं की मी विचारणार आहे, त्यातली बेलारूसच्या मिन्स्कची किती, युक्रेनच्या खारकीव्हची किती?