‘हे सगळं आमच्या वस्तादांना माहीत होतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

बारावीनंतर क्रीडाविज्ञानाच्या पदवीत नेमकं काय शिकवतात, या माझ्या मागच्या लेखावर ‘एक माजी पैलवान’ या नावाने मोठी प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा असा : ‘मॅडम, हे सगळं आमच्या वस्तादांना अनुभवाने माहीत होतं. त्यासाठी तीन-चार वर्षं कॉलेजात घालवून पोराचं वय आणि बापाचा पैसा का नासवायचा? खाशाबांनी कुठली डिग्री घेतली होती? एसीत बसून घामावर लिहिणं सोपं असतं मॅडम, एकदा मातीत उतरून बघा.’ पुढे फी, नोकऱ्या आणि माझ्या लेखातले इंग्रजी शब्द यांवरही बरंच काही आहे.

पैलवान, आधी तुमच्या सुराबद्दल बोलते. मतभेदाचं मला वावडं नाही, वर्गात मुलं रोज वाद घालतात. पण ‘मॅडम’ हा शब्द तुम्ही ज्या ठसक्यात पुन्हा पुन्हा वापरलात त्यात आदर नाही, हे वाचणाऱ्या कुणालाही कळतं. मी पुरुष असते तर ‘सर, एसीत बसून’ असं लिहिलं असतंत का? आणि एसीचं म्हणाल, तर आमच्या प्रयोगशाळेत तो आहे, असावाच लागतो. खोली तापली की त्याच मुलाची, त्याच वेगाला, हृदयाची गती वाढते. मग मागच्या महिन्याचं माप आणि आजचं माप शेजारी ठेवता येत नाही. तो एसी मापासाठी आहे. तोंडाला मास्क लावून, ट्रेडमिलचा चढ वाढत असताना, पाय जड होऊन ‘बास’ म्हणेपर्यंत पळणारी मुलं तिथेही घामाने निथळत असतात. ती मुलं म्हणजे आमचे विद्यार्थीच. स्वतः पळाल्याशिवाय दुसऱ्याला पळवायचं नाही, हा आमच्या विषयातला जुना रिवाज आहे. स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालेले ए. व्ही. हिल स्वतः सोडलेला श्वास साठवायची पिशवी पाठीवर बांधून गवतावर पळत होते. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ही कल्पना त्या पळण्यातून आली.

‘मातीत उतरून बघा’ हे तर मला फारच लागलं. मी सांगली जिल्ह्यातल्या पैलवानांच्या घरातली. आजोबांच्या खुराकाचे बदाम लहानपणी मी वाटलेत, त्यांच्या लंगोटाला हात लावायचा नाही हेही मला तेव्हाच शिकवलं गेलं. आमच्या गावच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत मुलीने पाऊल टाकायचं नव्हतं. ज्या मातीत मला उतरू दिलं नाही, तिच्यात मी उतरले नाही याचा टोमणा मला मारू नका. मी मग मैदानावर गेले आणि ८०० मीटर धावले, शाळेपासून विद्यापीठाच्या संघापर्यंत.

आता ते वाक्य. ‘हे सगळं आमच्या वस्तादांना अनुभवाने माहीत होतं.’ हे मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! आणि ऐकवणारा प्रत्येक जण पुरावा म्हणून जिंकलेल्यांचीच नावं घेतो. वस्तादांच्या हाताखालून निघालेली बाकीची पोरं कुठे आहेत? कुणाचा गुडघा गेला, कुणाची कंबर, कुणाचा कान फुटला त्याबरोबर ऐकूही कमी यायला लागलं, कुणी दोन हंगामांत खलास होऊन गावी परतला. त्यांची नोंद कुठल्या तालमीच्या वहीत आहे? ‘अंगात दम नव्हता’ एवढ्यावर त्यांचा निकाल लागतो. पहिल्याच वर्षी मुलांना संख्याशास्त्र कशाला, असं तुम्ही विचारलंत. ते याच्यासाठी. जे निघून गेले त्यांनाही मोजायला.

एक उदाहरण देते, आमच्याकडे पहिल्या सत्रातच शिकवतात. ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि १९५३ मध्ये ती छापली. खातं एक, गाड्या त्याच. चालक दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून. हृदयविकार चालकांमध्ये जास्त निघाला. व्यायाम छातीला चांगला, हे तुमच्या-माझ्या आजोबांनाही ठाऊक होतं, तुम्ही म्हणाल. होतं ना. पण त्याच काळात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला मोठमोठे डॉक्टर कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत होते, आणि तेही अनुभवाच्याच जोरावर. दोन अनुभवी माणसं एकमेकांच्या उलट सांगायला लागली की कुणाचं ऐकायचं? मोजण्याखेरीज दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

माझंच सांगते. विद्यापीठाच्या संघात असताना माझी नडगी दुखायला लागली. आमच्या प्रशिक्षकांच्या गाठीला आयुष्यभराचा अनुभव होता, आणि माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांनी सांगितलं, अंग जरा सुटलंय, रात्रीची भाकरी बंद कर. दुखणं काय, पळणाऱ्याच्या पाचवीलाच पुजलेलं असतं. मी भाकरी बंद केली. पाळी थांबली. संघातल्या मोठ्या मुली म्हणाल्या, बरं झालं, कटकट गेली, सराव अंगी लागतोय. मग एका सकाळी वॉर्म-अप करतानाच पाय टेकवेना. हाडाला ताणाने चीर गेली होती. माझं धावणं तिथे संपलं.

पुढे एमएस्सीला असताना खेळाडूंच्या आहारावर एक व्याख्यान झालं. खाण्यातून मिळालेली ऊर्जा व्यायामात खर्च होऊन जी उरते, ती चरबी वगळता उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ३० किलोकॅलरींच्या खाली बराच काळ राहिली, की शरीर काटकसर सुरू करतं. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे इशारे मंदावतात, पाळी थांबते, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरतं, आणि त्याच्या मागोमाग हाडं कमजोर होतात. थांबलेली पाळी, अपुरं खाणं आणि ठिसूळ हाड हे त्रिकूट १९९० च्या दशकात नावानिशी मांडलं गेलं होतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याची व्याप्ती वाढवली आणि पुरुष खेळाडूंनाही त्यात धरलं. त्या तासाला मला काही लिहून घेता आलं नाही. माझ्या पायात जे झालं ते फळ्यावर पायरी पायरीने मांडलेलं होतं, आणि आमच्या मैदानावरच्या एकाही अनुभवी माणसाला त्याचा पत्ता नव्हता. पैलवान, त्या प्रशिक्षकांकडे अनुभव कमी होता का? त्यांनी शेकडो मुली पाहिल्या होत्या. ज्यांचे पाय मोडले त्या दुसऱ्या दिवसापासून मैदानावर दिसल्या नाहीत, म्हणून त्यांच्या अनुभवात जमा झाल्याच नाहीत.

पाण्याचंही तेच. आमच्या वेळी सरावात पाणी प्यायला बंदी होती, पोटात दुखेल म्हणून. मग उलटी लाट आली : तहान लागायच्या आधी प्या, जमेल तेवढं प्या. ही लाट शास्त्राच्या नावानेच आली, हे मी लपवणार नाही. पण २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, प्रमाणापेक्षा खाली गेलेलं निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं, म्हणजे जे गरजेपेक्षा जास्त प्यायले, त्यांना धोका अधिक होता. २००५ मध्ये हे छापलं गेलं, आणि आज आम्ही मुलांना शिकवतो की तहानेकडे लक्ष द्या, ना कोरडे पळा ना पोट भरून. शास्त्र चुकलं तेव्हा ती चूक रक्ताच्या नळीत सापडली. तालमीत चूक सापडायची सोय काय आहे, ते तुम्ही सांगा.

आणि वजन उतरवणं. तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ आहे, ‘आम्ही दोन दिवसांत चार-चार किलो काढायचो, काही झालं नाही.’ तुम्हाला काही झालं नाही, याचा मला आनंद आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन कॉलेज-कुस्तीगीर साधारण महिन्याभरात दगावले. तिघेही वजन उतरवत होते : पाणी तोडलेलं, घाम न सुकणारे कपडे, गरम खोली, वर व्यायाम. घामाने रक्तातलं पाणी घटतं, हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके घ्यावे लागतात, त्वचेकडे रक्त पुरत नाही आणि शरीराची उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. तिघांच्याही आजूबाजूला अनुभवी लोक होते आणि त्यांनीही हे आधी अनेकदा पाहिलं होतं. त्यानंतर तिथल्या कॉलेज-कुस्तीत सौना (घाम काढायच्या गरम खोल्या) आणि रबरी सूट बंद झाले, वजन लढतीच्या अगदी आधी घ्यायला लागले, अंगात पाणी पुरेसं आहे ना हे बघायला लघवीची घनता तपासून आणि अंगात किमान ५ टक्के चरबी धरून प्रत्येकाचं सर्वांत कमी वजन ठरवायला लागले. ही मापं घ्यायला कोण बसतं? अशाच शिक्षणातून आलेली पोरं. आपल्याकडे जिल्हा निवड चाचणीच्या आदल्या रात्री काय चालतं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ‘काही झालं नाही’ हे वाक्य एखाद्या सोळा वर्षांच्या पोराने तुमच्या प्रतिक्रियेत वाचलं तर? याचा विचार लिहिताना केला असतात तर बरं झालं असतं.

खाशाबांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून बोलते. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. १९४८ ला लंडनमध्ये ते ५२ किलोच्या गटात सहावे आले, सवय मातीची आणि लढत मॅटवर. हेलसिंकीला १९५२ मध्ये ब्राँझ मिळालं ते ५७ किलोच्या गटात. मधल्या चार वर्षांत त्या माणसाने वजन वर नेलं, मॅट अंगवळणी पाडली, परदेशी मल्लांचे डाव अभ्यासले. त्यांच्या जागी मी असते तर मलाही प्रयोगशाळा मिळाली नसती, तेव्हा आपल्याकडे ती नव्हतीच. नव्हती म्हणून नको होती, हा निष्कर्ष तुमचा. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात दुसरं ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, चव्वेचाळीस वर्षं. त्या सगळ्या काळात तालमी भरलेल्या होत्या आणि वस्तादही होते.

परंपरा आणि अभ्यास एकमेकांच्या उरावर बसायलाच हवेत, असंही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्याच मंडळाच्या लोकांनी १९३६ ला बर्लिनमध्ये आपले खेळ करून दाखवले, आणि आज तिथेच शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय चालतं. त्यांना आखाडा आणि वर्ग एकाच आवारात चालवता येतात. बैठका मारताना खाली जाताना स्नायू लांबत लांबत भार झेलतो, आणि दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं मुख्यतः त्या झेलण्यातून येतं, साठलेल्या आम्लातून नाही. ते आम्ल, म्हणजे लॅक्टेट, तर तासा-दीड तासात रक्तातून जातं. हे कळल्याने बैठकांचा मान कमी झाला का? उलट नव्या पोराला पहिल्या आठवड्यात किती घालायच्या, ते नीट ठरवता येतं.

बाकीचं थोडक्यात. फीबद्दल तुमचं बरोबर आहे. काही खासगी संस्था या पदवीसाठी जी रक्कम घेतात ती शेतकऱ्याच्या घराला झेपणारी नाही, आणि प्रवेशाआधी प्रयोगशाळा डोळ्यांनी बघून घ्या हे मीही सांगते. नोकऱ्यांचा विषय एका परिच्छेदात संपणारा नाही, आणि तुम्हीही तो ओझरताच काढलात. इंग्रजी शब्द खुपले म्हणता, तर ‘फिटनेस’, ‘कोच’ आणि ‘टेन्शन’ तुमच्याही प्रतिक्रियेत आहेत. ‘पुस्तकी किडे’ वगैरेला उत्तर देणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती तिथेच राहील. मला तुमच्याकडून एक गोष्ट खरोखर हवी आहे. तुम्ही चार किलो उतरवायचात तेव्हा पाणी कधीपासून तोडायचात, अंगावर काय घालायचात, वजन झाल्यावर लढतीपर्यंत किती वेळ मिळायचा आणि त्या वेळात काय खायचात-प्यायचात, हे सविस्तर लिहा. तुमच्या तालमीतून कोण कोण मधूनच गेलं आणि का, तेही आठवेल तेवढं लिहा. आपल्या भागातल्या पोरांबद्दल असं लिहिलेलं फारच कमी सापडतं, आणि मी ते माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात वाचून दाखवीन, तुमची हरकत नसेल तर. मात्र त्यात पुन्हा ‘मॅडम, एसी’ असेल तर माझ्याकडून उत्तर येणार नाही.